मण्यांचा सॅश आणि स्काउटचा गणवेश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील अनेक मुलेमुली तेथील स्काउट पथकांत, म्हणजे ट्रूपमध्ये, जातात. ट्रूपमध्ये स्वयंसेवक म्हणून गणवेशाचे काम पाहताना पालक, आजी-आजोबा आणि खुद्द मुले मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. मराठीत ‘पट्टा’ म्हटले की कमरेचा पट्टा किंवा कचेरीतला पट्टेवाला डोळ्यांसमोर येतो, म्हणून खांद्यावरून तिरक्या जाणाऱ्या या कापडी पट्ट्यासाठी ‘सॅश’ हाच शब्द ठेवला आहे.

१. माझ्या मुलाला पांढऱ्या कापडावर लाल बाण असलेला सॅश मिळाला आहे. तो कशाचा आहे?

तो ‘ऑर्डर ऑफ द ॲरो’ या संस्थेच्या सदस्यत्वाचा सॅश आहे. ही अमेरिकन स्काउट संघटनेतील राष्ट्रीय सन्मान-संस्था आहे. १६ जुलै १९१५ रोजी डेलावेअर नदीतील ट्रेझर आयलंड या बेटावरच्या उन्हाळी शिबिरात ई. अर्नर गुडमन आणि कॅरल एडसन यांनी तिची सुरुवात केली. न्यू जर्सी आणि पेनसिल्वेनिया यांच्या सीमेवरून वाहणारी हीच ती नदी असल्याने तेथील आपल्या मंडळींना हा इतिहास घराजवळचा आहे. मूळ संघटनेचे ‘बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका’ हे नाव ८ फेब्रुवारी २०२५ पासून ‘स्काउटिंग अमेरिका’ असे झाले. सॅशवरचा बाण मात्र तोच आहे.

२. हा सॅश गुण मिळवून मिळतो की विकत घेता येतो?

दोन्ही नाही; तो निवडून येऊन मिळतो. मुलाने ‘फर्स्ट क्लास’ ही श्रेणी गाठलेली असावी लागते, आधीच्या दोन वर्षांत किमान १५ रात्री शिबिरात काढलेल्या असाव्या लागतात (त्यांत सलग पाच रात्रींचे एक मोठे शिबिर हवे), आणि स्काउटमास्टरची, म्हणजे ट्रूपच्या प्रौढ प्रमुखाची, संमती असावी लागते. त्यानंतर ट्रूपमधली मुलेच मतदान करतात. निवडून आलेला मुलगा मौन, मोजके अन्न, श्रम आणि उघड्यावर एकट्याने काढलेली रात्र असा दीड-दोन दिवसांचा टप्पा पार करतो आणि मगच सॅश त्याच्या खांद्यावर येतो. पालकांपासून यात काहीही लपवलेले नसते. विचारल्यास विधीची माहिती त्यांना दिली जाते, हे मुद्दाम सांगतो, कारण ‘मौन’ आणि ‘एकटा’ हे दोन शब्द ऐकून घरात काळजी सुरू होते.

३. मुलीही सदस्य होऊ शकतात का?

होय. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुलींचे ट्रूप सुरू झाले आणि त्याच वेळी या संस्थेची दारेही त्यांच्यासाठी उघडली. सॅश, अटी आणि नियम मुलामुलींना सारखेच आहेत.

४. काही सॅशवर नुसता बाण असतो, काहींवर आडव्या रेघा, काहींवर त्रिकोण. फरक काय?

सदस्यत्वाचे तीन टप्पे आहेत. ‘ऑर्डील’ सदस्याच्या सॅशवर नुसता लाल बाण असतो. सहा महिन्यांनंतर पात्र ठरल्यास ‘ब्रदरहुड’ हा टप्पा मिळतो आणि बाणाच्या दोन्ही टोकांशी लाल आडवी पट्टी येते. ब्रदरहुडनंतर किमान दोन वर्षे केलेल्या सेवेची दखल घेऊन, इतर सदस्यांनी निवडल्यास, ‘व्हिजिल’ हा मान दिला जातो. त्या सॅशवर बाणावर त्रिकोण आणि त्रिकोणात तीन छोटे बाण असतात. सदस्याने एका वेळी एकच सॅश घालावा आणि तोही स्वतःच्या चालू टप्प्याचाच.

५. सॅश कोणत्या खांद्यावर आणि कसा घालायचा?

उजव्या खांद्यावर, बाणाचे टोक वर खांद्याकडे राहील असा. खालचा भाग डाव्या कमरेपाशी येतो. तो घडी करून कमरेच्या पट्ट्यात खोचायचा नाही. ही सवय जुन्या छायाचित्रांत दिसते आणि आजही मुले ती उचलतात, पण नियमात ती बसत नाही. सॅश आखूड पडत असेल तर घरी जोड देऊ नये; लांब मापाचा सॅश मिळतो, तो मागवावा.

६. तो दर आठवड्याच्या सभेला घालायचा का?

नाही. संस्थेच्या स्वतःच्या कार्यक्रमांत आणि सदस्य म्हणून विशेष सेवा देत असल्याचे ओळखू यावे अशा प्रसंगी तो घालावा. नेहमीच्या सभेला सदस्यत्व दाखवायला उजव्या खिशाच्या झाकणावरचे लॉजचे चिन्ह पुरेसे असते. लॉज म्हणजे त्या भागातील शाखा.

७. आम्ही हाताने मणी ओवून हा सॅश सजवू शकतो का?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे आणि उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. सॅशवर काहीही लावू नये असे नियम सांगतो आणि त्यात चिन्हे, सह्या, मणीकाम, मजकुराच्या पट्ट्या आणि पिना यांचा नावानिशी उल्लेख आहे. भर घालणे जसे मना आहे तसेच काही काढून टाकणेही मना आहे.

हे उत्तर देताना मला दर वेळी वाईट वाटते, कारण विचारणारा नियम मोडायला निघालेला नसतो. त्याला प्रेमाने काहीतरी करायचे असते. आमच्याकडे एका मुलाच्या आजी तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. नातवाचा सॅश त्यांना फारच ओकाबोका वाटला, आणि त्यांनी बाणाच्या कडेने लाल काचमणी इतके सारखे बसवले होते की एकही टाका उलट्या बाजूला दिसत नव्हता. मुलगा तो घालून आला तेव्हा मी काही बोललो नाही. कार्यक्रम झाल्यावर त्याच्या वडिलांशी बोललो. त्यानंतर आजींनीच बारीक कात्रीने टाके उसवले आणि ते मणी एका डबीत भरून ठेवले. त्या मण्यांचे पुढे काय झाले ते प्रश्न १३ मध्ये सांगितले आहे.

नियमामागचे कारण मला पटते. आजीला बारीक मणीकाम येते अशा घरातले मूल आणि आईवडील दोन पाळ्यांत कामावर जातात अशा घरातले मूल एका रांगेत उभे असते, तेव्हा दोघांच्या खांद्यावरचा बाण सारखा दिसला पाहिजे. मुलांनी त्यांना निवडले ते त्यांच्या वागण्यासाठी, आणि सॅशवर तेवढेच लिहिलेले असावे.

८. मग जुन्या छायाचित्रांत आणि संग्रहांत मणीकाम केलेले सॅश कसे दिसतात?

कारण ते खरोखरच होते. सुरुवातीच्या काळात सॅश आजच्यासारखा नव्हता. पहिले सॅश काळे होते आणि त्यांवर पांढरे बाणाग्र होते. पुढे पांढऱ्यावर लाल बाण आला, कापडही बदलत गेले आणि बराच काळ फेल्ट, म्हणजे दाबून केलेले जाड लोकरी कापड, वापरले जाई. फेल्टवर मणी शिवणे सोपे असते, कारण सुई सहज जाते आणि कडा सुटत नाही. अनेक सदस्यांनी, विशेषतः व्हिजिल सदस्यांनी, बाण आणि त्रिकोण मण्यांनी भरले, तर काहींनी लेनापे या मूळ अमेरिकन लोकांच्या भाषेतले आपले व्हिजिल-नाव, म्हणजे त्या मानासोबत मिळालेले नाव, मण्यांच्या पट्टीवर विणून सॅशला जोडले. त्या वस्तू आज इतिहास म्हणून मोलाच्या आहेत. त्या सुंदर आहेत हे मान्य करूनही त्यांचा दाखला देऊन नवा सॅश सजवता येत नाही. वारशाने आलेल्या अशा सॅशबद्दल प्रश्न २१ पाहावा.

९. निदान आतल्या बाजूला नाव लिहिले किंवा मित्रांच्या सह्या घेतल्या तर?

सह्यांचा नियमात स्पष्ट निषेध आहे आणि आतली बाजू हा त्याला अपवाद नाही. मोठ्या संमेलनांत मुलांना आठवण म्हणून सह्या हव्या असतात. त्यासाठी स्कार्फ, टोपी किंवा वही वापरावी. सॅश हरवू नये म्हणून नाव लिहायचे असेल तर ते सॅशच्या पिशवीवर लिहावे. शिबिरातून परतताना वीस सारखे सॅश एकाच खोक्यात पडलेले असतात, तेव्हा नाव घातलेली साधी पिशवीच कामाला येते.

१०. मुलाला ब्रदरहुड मिळाले. जुन्या सॅशवर दोन लाल पट्ट्या घरीच भरल्या तर चालेल का?

चालणार नाही, भरतकाम कितीही हुबेहूब असले तरी. नव्या टप्प्याचा सॅश नवा घ्यावा आणि जुना आठवण म्हणून ठेवावा किंवा लॉजमध्ये चौकशी करून एखाद्या गरजू नव्या सदस्याला द्यावा.

११. मेरिट बॅजचाही एक सॅश असतो. दोन्ही एकदम घालायचे का?

ते दोन वेगळे सॅश आहेत. मेरिट बॅज सॅशवर मुलाने एकेका विषयाचा अभ्यास करून मिळवलेले गोल बॅज शिवले जातात. तो औपचारिक प्रसंगी, मुख्यतः ‘कोर्ट ऑफ ऑनर’ या गौरव समारंभात, घालायचा असतो. बाणाचा सॅश संस्थेच्या कार्यक्रमासाठी आहे. दोघांचे प्रसंग वेगळे असल्याने ते एकावर एक घालण्याची वेळच येऊ नये. मुलाच्या ईगल स्काउट, म्हणजे सर्वोच्च श्रेणीच्या, समारंभात तो मेरिट बॅज सॅश घालील. मेरिट बॅज सॅशही कमरेच्या पट्ट्यात खोचायचा नसतो.

येथे एक फरक लक्षात ठेवावा. मेरिट बॅज सॅशच्या मागच्या बाजूला शिबिरांची तात्पुरती चिन्हे लावता येतात, बाणाच्या सॅशवर ती लावता येत नाहीत. पालकांचा गोंधळ बहुधा येथेच होतो: एका सॅशवर शिवणे अपेक्षित असते आणि दुसऱ्यावर सुई लावायलाच मनाई असते.

१२. गणवेश सक्तीचा आहे का? आम्हांला एवढा खर्च झेपत नाही.

गणवेश नाही म्हणून मुलाला स्काउटमधून वगळता येत नाही. तो घालण्याचा आग्रह असतो, सक्ती नसते. वापरलेला गणवेश पूर्ण ग्राह्य आहे आणि पूर्वी अधिकृत असलेला जुना शर्टही चालतो. बहुतेक ट्रूपमध्ये मोठ्या मुलांचे आखूड झालेले शर्ट जमा करून ठेवलेले असतात. स्काउटमास्टरला एकांतात विचारावे, कोणीही कमी लेखत नाही. गणवेश घातला तर मात्र तो नियमाप्रमाणे असावा: अधिकृत गणवेशात मनाने बदल किंवा भर घालता येत नाही आणि लष्करी गणवेशाची नक्कल करता येत नाही.

१३. मग आमच्या हातच्या मणीकामाला स्काउटमध्ये जागाच नाही का?

आहे, आणि ती शोधून काढण्यासारखी आहे. पहिली जागा म्हणजे वॉगल, ज्यातून स्कार्फची टोके ओवतात ते कडे. हाताने बनवलेले वॉगल ही स्काउटमधली जुनी आणि मान्य परंपरा आहे. चामड्याच्या पट्टीवर मण्यांची विणलेली पट्टी शिवली की देखणे वॉगल तयार होते. प्रश्न ७ मधल्या आजींच्या डबीतले मणी शेवटी येथेच आले. त्यांनी लाल-पांढऱ्या मण्यांची दोन बोटे रुंद पट्टी विणली, नातवाने चामडे कापून दाबाचे बटण बसवले आणि आता तो ते वॉगल दर सभेला घालतो, जेव्हा सॅश कपाटात असतो. मुलाने स्वतः निदान काही ओळी विणाव्यात असा माझा आग्रह राहील. त्याला वस्तूची किंमत तेव्हाच कळते.

दुसरी जागा म्हणजे गणवेशाबाहेरच्या वस्तू: वहीचे कव्हर, पाण्याच्या बाटलीची दोरी, दुर्बिणीचा पट्टा. तिसरी जागा म्हणजे मेरिट बॅजचा अभ्यास. कापड आणि विणकाम या विषयाचा आणि अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या संस्कृतीचा असे दोन्ही बॅज आहेत.

१४. मण्यांची पट्टी मागावर कशी विणतात? किती मणी लागतात?

मराठी घरांत काळी पोत, मण्यांचे तोरण आणि रुखवतातल्या मण्यांच्या वस्तू ओळखीच्या आहेत, म्हणून हात बसायला वेळ लागत नाही. यासाठी वापरतात ते बारीक काचमणी मुख्यतः चेक प्रजासत्ताकातून आणि जपानमधून येतात. चेक मणी किंचित उन्नीस-बीस असतात, तर जपानी मणी नळीच्या तुकड्यांसारखे एकसारखे असतात. मापाचा आकडा उलटा चालतो: दहा नंबरपेक्षा अकरा नंबरचा मणी लहान आणि तेरा नंबरचा त्याहून लहान. नवशिक्याने अकरा नंबर घ्यावा.

छोट्या मागावर उभे धागे ताणायचे. ओळीत जितके मणी, त्यापेक्षा उभे धागे एकाने जास्त, कारण प्रत्येक मणी दोन धाग्यांच्या मध्ये बसतो. एकतीस मण्यांची ओळ असेल तर बत्तीस धागे लागतील. मण्यांची संख्या विषम ठेवावी, म्हणजे मधला मणी मिळतो आणि बाणासारखी टोकदार नक्षी नेमकी मध्यावर येते. लांब बारीक सुईत मेण लावलेला नायलॉनचा धागा घेऊन एका ओळीचे मणी ओवायचे, ती ओळ उभ्या धाग्यांच्या खालून आणायची, डाव्या हाताच्या बोटाने खालून मणी वर दाबायचे म्हणजे एकेक मणी दोन धाग्यांच्या मध्ये चढतो, आणि मग सुई त्याच मण्यांतून उलट फिरवायची, पण या वेळी उभ्या धाग्यांच्या वरून. सुई वरून गेली की ओळ कुलूपबंद झाली. चुकून ती एखाद्या धाग्याच्या खालून गेली तर तो मणी सैल राहतो आणि दहा ओळींनंतर लक्षात येतो. म्हणून प्रत्येक ओळीनंतर नख फिरवून पाहावे.

हिशेब असा: अकरा नंबरच्या एकतीस मण्यांची ओळ सुमारे दोन इंच रुंद होते आणि दोन फूट लांबीला जवळपास तीनशे ओळी लागतात. म्हणजे नऊ हजारांहून अधिक मणी, वजनाने साधारण ऐंशी-नव्वद ग्रॅम. एका पूर्ण सॅशचे मणीकाम किती महिन्यांचे असेल ते यावरून कळते. वॉगलसाठी चार इंचांची पट्टी पुरते आणि ती दोन-तीन रविवारांत होते.

१५. बाण, गरुड, पिसे अशा नक्षी वापरल्या तर कोणाला वाईट वाटेल का?

विचार करूनच वापराव्यात. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी समाजांत मणीकाम ही जिवंत कला आहे आणि अनेक नक्षी विशिष्ट समाजाच्या, कुटुंबाच्या किंवा विधीच्या असतात. युरोपातून काचमणी येण्यापूर्वी साळिंदराचे काटे रंगवून, चपटे करून त्यांचे भरतकाम केले जाई. मणी आल्यावर त्याच नक्षी मण्यांत उतरल्या. लाकोटा समाजाची ओळीओळींनी मणी शिवण्याची पद्धत, ओजिब्वे समाजाच्या खांद्यावरून घ्यायच्या मणीदार पिशव्या, ओसेज समाजाचे बोटांनी विणलेले आणि विणतानाच पांढरे मणी गुंफलेले सॅश, हे सारे वेगवेगळे आहे. या सर्वांना ‘इंडियन डिझाइन’ म्हणून एकत्र करणे म्हणजे पैठणी, इरकल आणि कांजीवरम यांना एकच साडी म्हणण्यासारखे आहे.

पायऱ्यापायऱ्यांचे त्रिकोण, चौकडी, तिरक्या रेघा हे भौमितिक आकार कोणाच्या मालकीचे नाहीत. आपल्याच पैठणीच्या काठावरची नारळी किंवा आपल्या रांगोळीतले ठिपक्यांचे आकार मागावर फार छान उतरतात. मुलाने आपल्या आजीची नक्षी घातलेली मला अधिक आवडते.

१६. ‘रेड इंडियन’ हा शब्द चालतो का?

तो टाळावा. आपल्या पिढीने शाळेत तोच शब्द शिकला, पण तो त्वचेच्या रंगावरून ठेवलेला आणि अपमानकारक मानला जाणारा शब्द आहे. ‘मूळ अमेरिकन’ म्हणावे, आणि शक्य असेल तेथे समाजाचे नाव घ्यावे. ऑर्डर ऑफ द ॲरोच्या परंपरेत ज्यांच्या भाषेतील शब्द वापरले जातात ते लेनापे लोक डेलावेअर नदीच्या खोऱ्यातले. त्यांना तेथून हुसकावले गेले. आज त्यांच्या अधिकृत मान्यता असलेल्या जमाती ओक्लाहोमा आणि विस्कॉन्सिन येथे आहेत आणि काही समाज कॅनडातील ओंटारिओमध्ये आहेत. ज्या नदीकाठी आपली मुले शिबिराला जातात तेथे पूर्वी कोण राहत होते, हे त्यांना सांगितलेच पाहिजे.

१७. ऑर्डर ऑफ द ॲरोच्या विधीसाठी मूळ अमेरिकन पेहराव शिवायचा आहे. मणीकाम तेथे तरी चालेल ना?

पेहराव ही गणवेशापेक्षा वेगळी बाब आहे, म्हणून सॅशचा नियम तेथे लागू होत नाही. पण पेहरावाचे स्वतःचे नियम आहेत आणि गेल्या काही वर्षांत ते घट्ट होत गेले आहेत. लहान मुलांच्या ‘ॲरो ऑफ लाइट’ या सन्मानाच्या आणि ट्रूप-प्रवेशाच्या समारंभांत असा पेहराव करणे २०१९ पासून बंद झाले आहे. एक मणीही विकत घेण्यापूर्वी लॉजच्या सल्लागाराला विचारावे आणि स्थानिक जमातीशी लॉजचा खरा संवाद आहे का हेही विचारावे. तो नसेल तर गणवेशातच विधी करणे उत्तम.

१८. पेहरावाला किंवा वॉगलला गरुडाचे खरे पीस लावता येईल का?

अजिबात नाही. अमेरिकेत गरुडांना १९४० च्या कायद्याने आणि इतर बहुसंख्य जंगली पक्ष्यांना १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने संरक्षण आहे. पायवाटेवर पडलेले पीस उचलून घरी ठेवणेही गुन्हा ठरू शकतो. गरुडाची पिसे बाळगण्याची मुभा मान्यताप्राप्त जमातींच्या सदस्यांना, धार्मिक उपयोगासाठी, कायद्याच्या चौकटीत आहे. आपण टर्कीची रंगवलेली पिसे वापरावीत.

१९. आमच्या मंडळाच्या स्टॉलवर ही मण्यांची वॉगल विकली तर?

‘आमच्या मुलांनी बनवलेली’ असे लिहून विकावीत. ‘नेटिव्ह अमेरिकन’ किंवा ‘इंडियन बीडवर्क’ असे लिहू नये. मूळ अमेरिकन नसलेल्यांनी बनवलेली वस्तू त्यांची म्हणून विकणे १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला व्यक्तीस अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. येथे आपली एक खास अडचण आहे: आपण भारतीय म्हणून ‘इंडियन’ लिहितो ते खरेच असते, पण घेणाऱ्याचा गैरसमज होतो. ‘भारतातील’ किंवा ‘महाराष्ट्रातील नक्षी’ असे स्पष्ट लिहावे. स्टॉलवर मुलांनी गणवेश घालून विक्री करायची असेल तर ट्रूपची आधी परवानगी घ्यावी, कारण गणवेशाचा व्यापारी किंवा राजकीय प्रचारासाठी वापर करता येत नाही. मंडळाच्या गणेशोत्सवात ट्रूप म्हणून सेवा देताना गणवेश घालणे मात्र योग्यच आहे. फॅन्सी ड्रेससाठी सॅश देऊ नये.

२०. काही शिक्षकांच्या गळ्यात दोन लाकडी मणी असतात. तसे आम्ही बनवून द्यावेत का?

ते वुड बॅजचे मणी आहेत आणि ते प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या प्रौढ नेत्यांनाच मिळतात. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी आफ्रिकेतील झुलुलँडमधून आणलेल्या माळेतील मण्यांवरून ही प्रथा सुरू झाली आणि पहिला अभ्यासक्रम सप्टेंबर १९१९ मध्ये इंग्लंडमधील गिलवेल पार्क येथे झाला. भारतातही ‘हिमालय वुड बॅज’ या नावाने हाच मान आहे. महाराष्ट्रात शाळेत स्काउट केलेल्या पालकांना आपल्या सरांच्या गळ्यातले ते मणी आठवत असतील. मिळवल्याशिवाय ते घालू नयेत आणि हौसेने त्यांची नक्कल बनवू नये. ते गळ्यातच घालायचे असतात, सॅशला अडकवायचे नसतात.

२१. आम्हांला एका ज्येष्ठ स्वयंसेवकाने मणीकाम केलेला जुना सॅश भेट दिला आहे. मुलाने तो घालावा का? तो कसा जपावा?

घालू नये, चौकटीत लावावा किंवा समारंभात टेबलावर मांडावा. त्यावरचा टप्पा मुलाचा नसेल तर घालण्याचा प्रश्नच उरत नाही (प्रश्न ४).

जपताना घडी घालू नये, कारण घडीवर मण्यांचा धागा काचतो आणि एक तुटला की ओळ सुटते. आम्लरहित कागद लावून, मणी बाहेरच्या बाजूला ठेवून, जाड नळीवर सैल गुंडाळावा. धुऊ नये. जुन्या काचेतून कधीकधी क्षार बाहेर येतात, मणी चिकट किंवा पांढुरके दिसतात आणि धागा कुजतो. असे दिसल्यास दमट जागेतून हलवावा आणि कापडाच्या जतनाचे काम जाणणाऱ्या व्यक्तीला दाखवावा. सुटलेले मणी लहान पाकिटात घालून सॅशसोबतच ठेवावेत. नव्या मण्यांनी जागा भरू नये, कारण देणाऱ्याच्या हातचे काम जसे आहे तसेच मोलाचे आहे.

२२. नव्या सॅशवर हळदीचा डाग पडला. काय करावे?

गरम पाणी आणि ब्लीच दोन्ही टाळावे, कारण लाल रंग पांढऱ्यावर उतरू शकतो. गार पाण्यात सौम्य साबणाने फक्त डागाची जागा हलक्या हाताने चोळावी आणि सॅश पसरून उन्हात वाळवावा. हळदीचा रंग उन्हाने उडतो. दोन-तीन दिवस ऊन दाखवले की बहुधा काहीच उरत नाही. लाल बाणाचा भाग तेवढा पांढऱ्या कापडाने झाकून ठेवावा.

२३. दुसऱ्या एखाद्या मुलाने मणी लावलेला सॅश घातलेला दिसला तर त्याला सांगावे का?

सर्वांसमोर सांगू नये, आणि दुसऱ्याच्या मुलाला तर कधीच थेट टोकू नये. त्या ट्रूपच्या स्काउटमास्टरला किंवा लॉजच्या सल्लागाराला नंतर शांतपणे सांगावे आणि विषय तेथेच सोडावा. ते मणी कोणी आणि कोणत्या मायेने लावले ते आपल्याला ठाऊक नसते. टाके उसवायचेच झाले तर ते ज्यांनी घातले त्यांच्याच हातून उसवले जाऊ द्यावेत, आणि उसवण्यापूर्वी त्या कामाचे एक छायाचित्र काढून ठेवावे.